वाचताना गाळलेल्या चार ओळी

सावंगी, छत्रपती संभाजीनगर
९ फेब्रुवारी २०२४

चि. सत्यशीला हिस नानाचे अनेक आशीर्वाद.

घटक्. घटक्. घटक्.

साठ-पासष्ट वर्षं झाली, पण तो आवाज अजून कानात आहे. मृगाच्या तोंडावर तुझा आबा, म्हणजे माझा दादा, मेंढरांना जंताचं औषध पाजायचा. मेंढी दोन गुडघ्यांत दाबायची, जबडा वर करायचा, बांबूची नळी गालात सरकवायची आणि गळ्यावरून हात फिरवायचा. घटक्. पाजून झालेल्या मेंढीच्या कपाळावर गेरूचं बोट ओढणं हे माझं काम. नाहीतर तिला पुन्हा पाजलं जायचं. तेव्हा औषध झाडपाल्याचं होतं. आता बाटलीतलं, पांढरं, दुधासारखं.

तुझ्या पत्रानं हे सगळं वर आलं. तिकडं हैदराबादच्या प्रयोगशाळेत तू मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींवर तेच औषध टाकलंस आणि पेशी मेल्या! मी वाचता वाचता उभाच राहिलो. तसाच फुलंब्री रस्त्याला दादाच्या मेंढरांच्या वाड्यावर गेलो. तुला माहीत आहे, तो फोन कानाला लावतो, "हां हां" म्हणतो आणि वहिनीच्या हातात देतो. पत्र मात्र ऐकतो. तीनदा वाचायला लावलं. मग बानावहिनीला म्हणाला, "ऐकलंस का? शाली माझ्या मेंढरांचं औषध कालिजात घिऊन गेली!" वहिनी म्हणाल्या, "व्हय, आन् तुम्हाला दुसरी यत्ताबी झेपली नाय."

इकडं पाऊस आपल्याला विसरला आहे. आमच्या सोसायटीत नळाला नवव्या दिवशी पाणी येतं. मी जिथं शाळेतून येताना कविता म्हणत चालायचो, त्या गायरानावर आधी आमची सोसायटी उभी राहिली, आता उरलेल्या तुकड्यावरही 'हरितकुंज' नावाची पाटी आहे आणि खाली खडी. दादा मेंढरं घेऊन रोज दोन कोस लांब जातो.

एक विचारायचं राहिलं. आमच्याकडं कडुबा म्हणून एक गृहस्थ आहेत. त्यांना अधूनमधून लघवी लाल होते. दुखत नाही काही. उन्हाळी लागली असावी, धन्याचं पाणी पितात. तुझं औषध अशा माणसाला किती दिवसांत लागू पडेल? सहज विचारतो.

तुझा,
नाना


हैदराबाद
१९ फेब्रुवारी २०२४

ती. नाना, सा. न.

पत्र वाचून हसले, आणि 'सहज' या शब्दाला धसकले.

कडुबाकाकांना उद्याच मूत्ररोगाच्या डॉक्टरांकडं न्या. उन्हाळीत आग होते. न दुखता लाल होणं हे जास्त वाईट. वय किती त्यांचं? आबांसारख्या विड्या ओढतात का? सोनोग्राफी करा म्हणावं. 'बघू नंतर' चालणार नाही.

पुढचं आबांसाठी आहे, त्यांना वाचून दाखवा.

आबा, सदऱ्याच्या बटणाएवढ्या प्लास्टिकच्या खळग्यांत मी त्या पेशी वाढवते. त्यांना खाऊ घालते, ऊब देते. तुम्ही आई मेलेलं कोकरू सांभाळता ना, तसं. मग त्यांच्यावर औषध टाकलं. तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर चिकटून बसलेल्या पेशी सुटून तरंगत होत्या. मेल्या होत्या. औषध किती स्वस्त आहे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून आमच्या मार्गदर्शक बाईंनीही पाठ थोपटली.

पण आबा, हे भांड्यात झालं, माणसात नाही. तोंडानं घेतलं तर हे औषध आतड्यातून जेमतेम अंगात उतरतं, मूत्राशयापर्यंत एवढं पोचतच नाही. पोचावं म्हणून भरमसाठ घेतलं तर आधी यकृत खराब होईल. शिवाय प्रयोग मी एकदाच केलाय. पुन्हा पुन्हा तसंच घडल्याशिवाय तो खरा मानायचा नसतो.

आजीला सांगा, तिनं पाठवलेली लसणाची चटणी सगळ्या लॅबनं संपवली.

तुमची,
शालू


सावंगी
८ मार्च २०२४

चि. शालू,

पत्राला उशीर झाला. तीनदा लिहायला बसलो, तीनदा कागद फाडला.

कडुबाला काही झालेलं नाही. तो टणटणीत आहे, रोज टँकरवाल्याशी भांडतो. लाल लघवी होते ती दादाला.

दिवाळीपासून होत होतं म्हणे. स्वतःचं धोतर स्वतःच हापशावर धुवायला लागला, तेव्हा बानावहिनींना शंका आली. पन्नास वर्षांत ज्यानं कधी तांब्या विसळला नाही, तो धोतर धुतो? विचारलं तर म्हणाला, "मांडीला कुसळ घुसलं, त्याचं रगत हाय." मलाही जानेवारीतच कळलं. "शालीला लिवू नको, पोरीचं ध्यान उडंल," म्हणाला, म्हणून मी कडुबाचं नाव पुढं केलं.

तुझं पत्र येताच त्याला शहरात दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत बोराएवढी गाठ दिसली. डॉक्टर तरुण आहेत, पण बोलायला अदबशीर. म्हणाले, "बाबा, पोट कापायचं नाही. लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून गाठ खरवडून काढू, तपासायला पाठवू, मग पुढचं ठरवू. पंधरा दिवसांच्या आत या, लांबवू नका." दादानं त्यांना विचारलं, "आमच्या शालीचं औषध ठाव हाय का तुमाला?" डॉक्टर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. झालं! दादा पायऱ्या उतरला तो मागं वळून न बघता.

आता म्हणतो, "घरच्या इहिरीला पाणी असताना टँकरपुढं काहून उभं राहू?" मी रोज समजावतो. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं आहे, सगळं.

तुझा,
नाना


हैदराबाद
१५ मार्च २०२४

ती. नाना,

सगळं वाचलंत? आबांसाठीचा शेवटचा परिच्छेदही? 'पण आबा' पासूनच्या चार ओळी?

काल आजीला फोन केला. आजी कौतुकानं म्हणाली, "शाले, तुझं औषध रोज सकाळी एक बूच घेत्यात बरं का. कडू लागतं, पण नातीचं हाय म्हून घेत्यात." मी तिला लगेच बंद करा म्हटलं, तर म्हणाली, "मास्तरनं वाचून सांगितल्याबिगर नाय ऐकायचे ते." नाना, ज्या माणसाला मी 'घेतलं तर यकृत खराब होईल' असं लिहिलं, तो माणूस माझ्या नावानं ते रोज पितोय. मग माझ्या पत्रातलं त्याच्यापर्यंत पोचलं तरी काय?

रागावून लिहिते आहे, माफ करा. पण मला बाबांची गोष्ट आठवते. मी सहा वर्षांची होते. कन्नडच्या घाटात बाबांचा ट्रॅक्टर उलटला, जीपवाल्यानं चिठ्ठी आणली आणि ती तुम्ही वाचलीत. "बद्रीनाथ जखमी आहे, लवकर या," असं वाचलंत. आबा धुतलेला सदरा आणि दुधाची बाटली घेऊन गेले. बाबांचं तर सगळं आदल्या दिवशीच संपलं होतं. आबा तो सदरा घडी न मोडता परत घेऊन आले. मी दारात होते. तेव्हा सगळे म्हणाले, मास्तरांनी चांगल्या मनानं केलं. मीही इतकी वर्षं तसंच म्हणत आले.

आता माझी चूक सांगते. पहिल्या पत्रात मी फक्त आनंद कळवला होता. सावधपणाच्या ओळी दुसऱ्यात आल्या. आणि गेल्या आठवड्यात प्रयोग पुन्हा केला. या वेळी शेजारच्या खळग्यांत मूत्राशयाच्या निरोगी पेशीही ठेवल्या होत्या. त्याही मेल्या. ज्या मात्रेनं रोग मरतो, त्याच मात्रेनं चांगलंही मरतं. बाई म्हणाल्या, "होतं असं. पुन्हा मांड." प्रयोग मी पुन्हा मांडेन. पण आबांच्या पोटात आज काय चाललंय?

औषध आजच्या आज बंद करा. रक्त तपासून घ्या. मला खूप भीती वाटते आहे, नाना.

शालू


सावंगी
४ एप्रिल २०२४

चि. शालू,

तुझ्या पत्राला वीस दिवस उत्तर दिलं नाही. फोनवर तुला "सगळं ठीक" म्हणत राहिलो. सगळं ठीक नाही.

त्या चार ओळी मी गाळल्या. डोळ्यांनी वाचल्या, तोंडानं गाळल्या. समोर दादा बसला होता, काठीवर हनुवटी टेकून. 'सुटून तरंगत होत्या, मेल्या होत्या' एवढं ऐकून त्याचा चेहरा असा झाला होता की, काय सांगू! धुळीनं भरलेल्या पाटीवरून ओला बोळा फिरावा तसा. पुढं 'पण आबा' असं लिहिलेलं दिसत होतं. मी सरळ लसणाच्या चटणीवर उडी मारली.

ही माझी जुनी खोड आहे. छत्तीस वर्षं चौथीला कविता शिकवल्या. मुलं बाकावर ठेका धरून म्हणायची, खिडकीतून लिंबाचा वास यायचा. ज्या कवितेत रडू येणारं कडवं असायचं, तिथं मी म्हणायचो, "हे परीक्षेला नाही." मुलं टाळ्या पिटायची. आणि गावातली सगळी पत्रं माझ्याकडंच वाचायला यायची. गोजरबाईच्या मुलानं मुंबईहून लिहिलं की मला पुन्हा पत्र पाठवू नकोस. मी वाचलं, कामात आहे, सवडीनं लिहीन. ती सवडीची वाट बघत गेली. लोक म्हणायचे, मास्तरच्या तोंडून पत्र ऐकावं. मला ते गोड वाटायचं. बद्रीच्या चिठ्ठीवर दोनच वाक्यं होती. त्यातलं पहिलं मला वाचवलं नाही.

आता दादाचं ऐक. तेवीस दिवस त्यानं ते औषध घेतलं. तू सांगितल्यावर मी बाटली उचलून आणली. पण तोवर त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. भाकरी बघून मळमळायचं. दवाखान्यात नेलं. रक्ताचा रिपोर्ट बघून तेच डॉक्टर या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "यकृताला सूज आहे. अशा अवस्थेत भूल देता येत नाही. काय खाल्लं यांनी?" मी बाटली दाखवली. त्यांनी बाटलीवरचं मेंढीचं चित्र बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "तुम्ही शिक्षक ना?" एवढंच म्हणाले.

मार्चमध्ये निघायची ती गाठ आता बावीस मेला काढणार. तोवर ती वाढेल का, हे मी विचारलं. ते म्हणाले, "वाढू नये अशी आशा करू."

आणि अजून ऐक, आता काही लपवत नाही. दादाला मी सांगितलं की कावीळ साथीची आहे. औषध का बंद केलं म्हणून त्यानं विचारलं, तर म्हणालो, शालूनं मध्ये पंधरा दिवस खाडा ठेवायला सांगितलंय. तो बोटांवर दिवस मोजतोय. खाडा संपला की मला बाटली मागेल. मी ती धान्याच्या कोठीमागं ठेवली आहे आणि रोज जाऊन तिथंच आहे ना ते बघतो. एकदा दादा माझ्या घरी आला, कोठीला टेकून बसला, तर चहाच्या निमित्तानं मी त्याला गॅलरीत नेऊन बसवलं. स्वतःच्या थोरल्या भावाला भिऊन राहायची वेळ आली माझ्यावर.

नाना


हैदराबाद
११ एप्रिल २०२४

ती. नाना,

रागावण्याइतकं बळ माझ्यात उरलेलं नाही. २१ मेला सकाळी मी पोचते, सुट्टी मिळाली आहे. आबांना त्याच दिवशी दवाखान्यात दाखल करायचंय.

खालचा मजकूर आबांना वाचून दाखवा. आजीला फोनवरून मी हे सांगू शकते, पण सांगणार नाही. आबा तुमच्या तोंडून ऐकतात. तुमच्याच तोंडून त्यांना खरं ऐकू द्या.

आबा, शालूचा नमस्कार. माझं औषध तुमच्यासाठी नाही. ते भांड्यातल्या पेशींसाठी होतं, आणि तिथंही दुसऱ्या वेळेला चुकलं. माणसाला ते चालत नाही हे मी आधीच लिहिलं होतं, ते तुम्हाला वाचून दाखवलं गेलं नाही. तुमची कावीळ त्या औषधानं झाली. तुमच्या गाठीवर आज इलाज एकच आहे, दुर्बिणीचा. तो करूनही सगळं बरं होईलच असं मी लिहू शकत नाही. पण केला नाही तर काय होईल ते मला ठाऊक आहे, आणि ते मला बघायचं नाही. मी येते आहे. माझ्यासोबत चला.

शालू


सावंगी
२० मे २०२४, दुपार

चि. शालू,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या स्टेशनवर तुझ्या हातात देईन. तोंडानं सांगायला गेलो तर मी पुन्हा काहीतरी गाळेन, म्हणून लिहून ठेवतो.

तुझा मजकूर मी सदऱ्याच्या खिशात घालून तेरा दिवस हिंडलो. अठ्ठावीस एप्रिलला वाचला. दादाचे डोळे निवळले होते, भाकरी जायला लागली होती. वाड्यावर ऊन मी म्हणत होतं. मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. वहिनी ताक घुसळत होत्या. मी वाचलं. चाल लावली नाही. 'ते तुम्हाला वाचून दाखवलं गेलं नाही' इथं अडलो, पाणी प्यालो आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं.

वहिनींची रवी थांबली होती. मला वाटलं, आता दादा काठी उचलेल. उचलली असती तर बरं झालं असतं.

त्यानं विचारलं, "मास्तर, बद्रीची चिठ्ठी व्हती. तिच्यात काय लिवलं व्हतं?"

मी म्हणालो, "दादा, आता कशाला..."

"वाच."

चिठ्ठी कुठं होती वाचायला? पण बावीस वर्षं पाठ आहे मला. म्हटलं, "बद्रीनाथ गेला. लवकर या."

"हां," दादा म्हणाला. "एवढंच व्हतं?"

"एवढंच."

"मग एवढे दोन बोल तुला जड झाले व्हय." एवढं बोलून उठला आणि मेंढरं मोजायला लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाड्यावर मेंढरं नव्हती, दादा नव्हता. वहिनी म्हणाल्या, "चारा नाय हितं. घाटाकडं गेले कन्नडच्या. मला म्हनले, मास्तरला सांगू नको कुठं ते. म्या आता सांगितलं." मी विचारलं, ऑपरेशनचं काय? वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

शालू, आज बावीस दिवस झाले. रोज संध्याकाळी तू फोन केलास, आणि रोज मी आणि वहिनींनी मिळून तुला "बरं हाय त्यांचं" सांगितलं. तारखेपर्यंत येईल असं वाटत होतं. कन्नडच्या बाजाराला जाणाऱ्या प्रत्येक जीपवाल्याजवळ निरोप दिला. एकानं सांगितलं, घाटाच्या वरच्या अंगाला एक म्हातारा मेंढरं चारताना दिसला. दुसरा म्हणाला, तो दुसराच कुणी होता. परवा मी स्वतः एसटीनं गेलो. घाटात उतरून हाका मारल्या. ऐंशीच्या माणसाला अठ्ठ्याहत्तरीचा माणूस हाका मारतोय, आणि समोर फक्त वाळलेलं गवत. तिथंच, ज्या वळणावर बद्रीचा ट्रॅक्टर गेला होता, तिथं मी खाली बसलो. परतीच्या एसटीच्या कंडक्टरनं हात देऊन वर घेतलं.

मला कशाची भीती वाटते, लिहितो. तो रागानं गेला असता तर परत आला असता. मला वाटतं तो माझ्यावरचा भरवसा सोडून गेला आहे. गाठीत रक्त साचून लघवी अडली तर माणूस तडफडतो, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या डोंगरात कुणाला हाक मारील तो? आणि उद्या सकाळी तू गाडीतून उतरशील, मागं बघशील, आबा कुठायत म्हणून, तेव्हा मी काय

जरा थांबतो. खाली गडबड चालली आहे. वॉचमन सांडू शिट्टी वाजवतोय एकसारखी. बघून येतो.

शालू, घाईत लिहितोय, अक्षर समजून घे.

खिडकीतून बघितलं तर आपल्या सोसायटीच्या फाटकात धूळच धूळ. पेव्हर ब्लॉकवर खुरं वाजत होती. लोक गॅलरीत आले होते. कुणी मोबाइल धरले होते. एका मेंढीनं पहिल्या मजल्यावरच्या मुक्ताबाईंची कढीपत्त्याची कुंडी अर्धी केली होती. सांडू ओरडत होता, "ओ बाबा! कुठं घुसवता? सोसायटी हाय ही!" आणि त्याला उत्तर देणारा आवाज म्हणत होता, "मग काय झालं? माजं गायरान व्हतं हे. हाट!"

जिन्यानं काठीचा आवाज वर आला. मी दाराजवळ गेलो.

"मास्तर, दार उघड. हाईस का?"

उघडलं. दादा उभा होता. पाय घोट्यापर्यंत मातीनं पांढरे, ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले पण पिवळे नाहीत. घाटातून तीन दिवस चालत आला होता. वहिनींनी सांगितलेली तारीख त्यानं काठीवर खुणा करून धरली होती.

मी म्हणालो, "दादा, मला वाटलं..."

"तुला लई वाटतं," तो म्हणाला. "तिकडं मला वाचून दाखवायला कुणी नव्हतं. माझं मीच रोज बघितलं. लालच हाय अजून. मंग म्हनलं, पोरगी खरं लिवती." दाराच्या चौकटीला धरून त्यानं दम घेतला. मग खाली, भरलेल्या फाटकाकडं, हात केला. "उद्या दवाखाना ना? मला भ्या वाटतंय, मास्तर. तू संगं चल. पर आधी ही बासष्ट कुठं ठिवायची ते सांग."